सारांश: उत्तरे आली नाहीत

मी एका मेलिंग लिस्टचा मॉडरेटर आहे. अलीकडे हे ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याला सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं, "म्हणजे नक्की काय करता?" मी समजावायला लागलो. एक ईमेल पत्ता असतो, त्यावर पाठवलेली मेल सगळ्या सभासदांना जाते, पण त्याआधी ती माझ्याकडे येते, मी वाचतो आणि ठीक वाटली तर 'मंजूर' दाबतो. एवढं सांगून होईपर्यंत तो फोनमध्ये शिरला होता. मग मान वर करून म्हणाला, "ओके, ग्रुपसारखंच." मी हो म्हणालो. ग्रुपसारखं नाही, हे सांगायला हवं होतं. पण तेवढं त्राण नव्हतं, आणि मग दिवसभर वाटत राहिलं की आपण आपल्याच माणसांना खाली पाहायला लावलं.

तेव्हा निदान इथे तरी नीट सांगतो.

मी पुण्याहून पहिल्या नोकरीसाठी बंगळूरला आलो तेव्हा इंटरनेट फक्त ऑफिसात असायचं, आणि तेही सगळ्यांच्या टेबलावर नाही. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, चित्र वगैरे काही नाही. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही न्यूजग्रुप वाचायचो. जगभरची माणसं एकेका विषयावर लिहायची आणि बाकीचे त्याखाली उत्तरं द्यायचे. अशाच एका ग्रुपवर माझा एका मराठी माणसाशी पोह्यांत बटाटा घालावा की नाही यावरून मोठा वाद झाला. बरेच आठवडे तो चालला. मग कळलं की हा गृहस्थ माझ्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर बसतो. आमचं भांडण परदेशातल्या कुठल्या तरी मशीनला वळसा घालून एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर येत होतं. आम्ही कॅन्टीनमध्ये भेटलो, हसलो, आणि इथल्या मराठी लोकांची वेगळी लिस्ट काढायचं ठरवलं. तो पुढे परदेशी गेला. लिस्ट माझ्याकडे राहिली.

लिस्टवर सगळं रोमन लिपीतलं मराठी. भाकरीचं पीठ कुठे मिळतं, गॅसची जोडणी कशी घ्यायची, घरमालक शाकाहारी आहे तर अंडं चालेल का, असे प्रश्न. लाइन इतकी संथ होती की एकेक मेल उतरताना बघत बसावं लागायचं. त्यामुळे नियम कडक. सही चार ओळींची. दुसऱ्याचं म्हणणं उद्धृत करायचं तर गरजेपुरतंच. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम सारांशाचा. कुणी प्रश्न विचारला, तर उत्तर लिस्टवर पाठवायचं नाही. ते ज्याने विचारलं त्याला एकट्याला पाठवायचं. त्याने सगळी उत्तरं जमा करायची, थोडे दिवस थांबायचं आणि मग लिस्टवर एकच मेल टाकायची. विषयाच्या जागी 'सारांश' असा शब्द आणि खाली कुणी काय सांगितलं ते थोडक्यात. त्यामुळे प्रश्न आणि सारांश यांच्यामध्ये लिस्ट शांत असायची. ती शांतता म्हणजे काम चालू असल्याची खूण. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा या शांततेतून झाला.

सारांश लिहावा तो अण्णांनी. अण्णा म्हणजे लिस्टवरचे सगळ्यांत वडील सभासद. इथल्या, बंगळूरच्या शिवाजीनगरमध्ये त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांची माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आली आणि इथलीच झाली. त्यांच्या मराठीत कानडी शब्द सहज यायचे आणि वाक्यं अशा ठिकाणी वळायची की पुण्यामुंबईची पोरं सुरुवातीला हसायची. मग त्या पोरांचे मिक्सर बिघडले, चष्मे तुटले, रेशनकार्डाची कामं अडली, आणि शिवाजीनगरात कोणत्या गल्लीत कोण काय दुरुस्त करतं हे अण्णांखेरीज कुणाला माहीत नाही असं दिसल्यावर हसणं थांबलं. अण्णा सायबर कॅफेत जाऊन लिहायचे. एकदा त्यांनी विचारलं की जुन्या मशीनवरची सोनेरी नक्षी न घालवता गंज कसा काढावा. सारांशात त्यांनी प्रत्येकाचा उपाय, तो करून पाहिल्यावर काय झालं ते, आणि शेवटी लिहिलं: "एका सभासदाने मशीन विकून नवे घ्या असे सुचविले. त्यांचेही आभार."

पुढे लिस्टचं काय झालं हे सांगताना माझा आवाज चढतो, म्हणून बायकोने या विषयावर घरात बंदी घातली आहे. लाइन वेगवान झाली आणि नियमांचं कारणच गेलं. लोक सगळ्यांना उत्तरं द्यायला लागले. 'मीही', 'मलाही सांगा', 'छान'. मग चुटके आले. मग किडनीला लिंबू कसं चालतं ते आलं. मी एकेकाला समजावून लिहायचो, नियमांची यादी पाठवायचो. एकाने लिहिलं, "साहेब, तुम्ही शाळामास्तर व्हायला हवं होतं." ते लागलं, कारण खरं होतं. मग फोटो टाकायच्या जागा आल्या, लोक तिकडे गेले. मग फोन आले, ग्रुप आले. कुणी लिस्ट सोडली नाही. सोडायलाही एक मेल पाठवावी लागते ना. नुसतं वाचणं थांबवलं. शेकडो पत्ते अजून यादीत आहेत. त्यांतले किती पत्ते जिवंत, किती नोकरीबरोबर मेलेले, देव जाणे. मी मात्र दर वर्षी लिस्टची जागा चालू राहील याची व्यवस्था करतो. का करतो, असं बायको विचारते. मी म्हणतो, अण्णा आहेत ना. ती म्हणते, "मग अण्णांना फोन कर ना. एका माणसासाठी रेडिओ स्टेशन चालवतोयस तू."

तर या उन्हाळ्यात अण्णांची मेल आली. मी मीटिंगमध्ये होतो. समोर कुणीतरी पडद्यावर रंगीत चौकोन दाखवत होतं आणि मी टेबलाखाली फोन धरून वाचत होतो.

"प्रश्न: मराठी बोलणारी सोबतीण," असा विषय. खाली लिहिलं होतं: "माझ्या पत्नीस विस्मृतीचा आजार आहे. तिला पाच भाषा येत होत्या. एकेक करून गेल्या, आता घरची मराठी तेवढी उरली आहे. एजन्सीची बाई ठेवली होती, स्वभावाने चांगली, पण कानडी आणि हिंदी बोलणारी. पत्नी घाबरून न्हाणीघरात कडी लावून बसली. माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला भोक पडले आहे. ऑपरेशन करून काही दिवस पालथे पडून राहावे लागते. तोवर पत्नीजवळ दिवसा कोणी बसेल काय? उशीर होईल तशी नजर परत येण्याची आशा कमी, असे डॉक्टर म्हणतात. उत्तरे मला पाठवावीत, सारांश देईन."

मी मंजूर दाबलं. मला वाईट वाटलं, हे खरं. अण्णांच्या पत्नीच्या, अक्कांच्या हातचं मी जेवलो होतो. माझ्या ओळखीत अशी कुणी बाई नव्हती. बायको ऑफिसला जाते, मी ऑफिसला जातो. लिहिण्यासारखं काही नाही, तर उगाच 'अरेरे' लिहून डोळ्याने अधू झालेल्या माणसाला आणखी एक मेल का वाचायला लावावी, असं मनात आलं. इतकी माणसं आहेत यादीत, कुणीतरी कळवेलच. लिस्ट शांत राहिली. नियमाप्रमाणे राहायलाच हवी होती. मी त्या शांततेकडे बघून समाधानाने म्हटलं, उत्तरं चालली असतील.

आणि मग एके सकाळी, चहा पिताना, दुसरी मेल मंजुरीला आली. विषय: "सारांश: मराठी बोलणारी सोबतीण." खाली एकच ओळ.

"उत्तरे आली नाहीत. सर्वांचे आभार."

मी ती ओळ बायकोला दाखवली. तिने वाचली, मग पुन्हा वाचली. म्हणाली, "तू काय उत्तर दिलं होतंस?"

"मी मॉडरेटर आहे. मी मंजूर केलं."

"म्हणजे तूही नाही."

"मला वाटलं बाकीचे देतील."

"बाकीच्यांना काय वाटलं असेल असं तुला वाटतं?" ती म्हणाली आणि डबा भरायला गेली.

मी अण्णांना फोन लावला. सारांश मात्र मंजूर केला नाही, तो तसाच रांगेत ठेवला. तो मंजूर करणं म्हणजे सगळ्यांच्या, आणि आधी माझ्या, तोंडावर दार लावून घेणं वाटत होतं.

"अण्णा, मला फोन करायचा ना."

"कशाला? लिस्टवर विचारलं होतं की."

"पण लिस्टवर आता कुणी..." इथे मी अडलो. इतकी वर्षं त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं. दर वेळी त्यांनी काही लिहिलं की मी एक-दोन ओळी पाठवायचो, त्यामुळे त्यांना वाटायचं की लिस्ट अजून वाचली जाते. "आता वाचणारे कमी झालेत, अण्णा."

"असतील. सगळ्यांना कामं असतात." मग म्हणाले, "हे बघ, एकट्याला फोन केला की त्याला नाही म्हणता येत नाही. उगाच संकोचात पडतो बिचारा. लिस्टवर विचारलं की ज्याला जमतं तोच बोलतो. बाकीचे गप्प बसले तर कुणाला लाज वाटायचं कारण नाही. म्हणून तर आपण तसा नियम केला होता. तूच लिहिलायस तो."

मीच लिहिला होता. लोकांनी एकमेकांचा वेळ खाऊ नये म्हणून. त्यात एक भला माणूस असा अडकेल हे त्या वेळी डोक्यात आलं नाही. मी एवढंच म्हणालो, "डॉक्टरांची तारीख घेऊन ठेवा. मी बघतो."

"सरी," अण्णा म्हणाले. "बघ. नाही जमलं तरी परवागिल्ला."

त्यांचं ते 'चालेल, हरकत नाही' मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

मग मी ज्यांना इतकी वर्षं नावं ठेवत आलो त्या फोनवरच्या ग्रुपांकडे गेलो. मारतहळ्ळीतल्या मराठी लोकांचा एक मोठा ग्रुप आहे, गणपती मंडळाचा आहे, आमच्या सोसायटीतल्या मराठी घरांचा आहे. मी नीट मजकूर लिहिला. कोण, कशासाठी, कुठे, किती वेळ, आणि खाली माझा नंबर. तिन्हीकडे टाकला आणि वाट बघत बसलो.

पहिल्या काही मिनिटांतच हात जोडलेली चित्रं आली. ती कशासाठी जोडली हे कळायला मार्ग नव्हता. एकाने विचारलं, "लोकेशन?" मी लिहिलं, शिवाजीनगर, वर लिहिलंय. दुसऱ्याने विचारलं, "लोकेशन कुठलं?" एका बाईंनी एजन्सीचा नंबर दिला. मी लिहिलं, एजन्सी नको, मराठी बोलणारी हवी. त्यावर एक जण म्हणाला की कर्नाटकात राहून मराठीचा आग्रह कशाला धरता, अशानेच आपली बदनामी होते. त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं, त्याला तिसऱ्याने, आणि दुपारपर्यंत सीमेचा प्रश्न निघाला. मी मध्ये लिहिलं, "कृपया विषयावर या. एका माणसाचा डोळा जातोय." त्यावर अंगठा आला. गणपती मंडळाच्या अॅडमिनने मला खाजगीत कळवलं की मदतीच्या विनंत्या फक्त शनिवारी टाकायच्या असतात. सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या मजकुराखाली कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस निघाला आणि केकांच्या रांगेखाली अक्का कुठल्या कुठे वाहून गेल्या.

इथे दोष कुणाचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती माणसं वाईट नव्हती. आमच्या लिस्टवर चांगली माणसं गप्प बसली, इथे चांगली माणसं बोलत सुटली. अण्णांच्या पदरात दोन्हीकडून तेवढंच पडलं.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या एका चुलतभावाने मला एक मजकूर पाठवला. खाली लिहिलं होतं, "बंगळूरचं आहे, तुझ्या ओळखीत बघ." मी वाचला आणि माझ्या हातातला घास हातात राहिला.

"तातडीचे. बंगळूरमध्ये शिवाजीनगर येथे एक वृद्ध मराठी आजी सापडल्या आहेत. फक्त मराठी बोलतात. घाबरलेल्या आहेत. नातेवाईक मिळेपर्यंत पुढे पाठवा. माणुसकी जपा." आणि खाली माझा नंबर.

कुणीतरी माझा मजकूर लहान केला होता, दुसऱ्याने आणखी लहान, आणि कुठेतरी वाटेत अक्का हरवल्या होत्या. पुढच्या वाटेत 'सापडल्या'चं 'हरवल्या' झालं आणि माझा फोन थांबेना. मुंबईहून एका गृहस्थाने विचारलं, "आजी मिळाल्या का?" मी म्हटलं, हरवल्याच नाहीत. ते म्हणाले, "मग तुमचा नंबर का दिलाय?" मी सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, पण फोटो पाठवा, आमच्या ग्रुपवर टाकतो." सांगलीहून एका बाईंचा फोन आला, त्यांना रडू येत होतं. त्यांची सासू काही महिन्यांपूर्वी घरातून गेली होती. तिचं वर्णन त्या देत होत्या आणि मला त्यांना सांगावं लागलं की नाही, ही ती नाही. माझ्या एका अर्धवट फिरलेल्या मजकुराने एका अनोळखी बाईला उगाच आशा लावली होती.

मग एक आवाज आला, ठाम, पुरुषी. "साहेब, आजी देवनहळ्ळीच्या बसमध्ये आहेत. मी आत्ता बघितल्या. हिरवं लुगडं."

"तुम्हाला काहीतरी..."

"मराठीतच बोलत होत्या हो. खिडकीशी बसल्यात."

माझी मती इतकी गुंग झाली होती की मी खरंच अण्णांना फोन लावला. "अण्णा, अक्का घरी आहेत ना?"

"समोर बसलीय. वाटाणे सोलतेय. का रे?"

"काही नाही. आहेत ना, बस."

"तू बरा आहेस ना?" अण्णांनी विचारलं. पलीकडून अक्कांचा आवाज आला, "कोण आहे? जेवला का विचारा."

त्याच दुपारी आणखी एक फोन आला. मी उचलताच म्हणालो, "आजी सापडलेल्या नाहीत, म्हणजे हरवलेल्याच नाहीत, कृपया मजकूर पुढे पाठवू नका."

पलीकडून एक बाई म्हणाल्या, "बरं झालं बाई. मी म्हणणार होती, त्यांचं कोणी येईपर्यंत मी जाऊन बसू का त्यांच्याजवळ?"

मी विचारलं, तुम्ही कोण.

"मी मारतहळ्ळीला राहते न, मुलाकडे. नागपूरची आहे. मुलगा-सून ऑफिसात, नातू शाळेत. मी दिवसभर बाल्कनीत बसून राहते. खाली गेली तर कोणाशी बोलू? मले ना कानडी येत, ना त्या पोरींसारखं इंग्रजी. वाचलं, म्हटलं माझ्यासारखंच कोणीतरी आहे, बोलायला माणूस नाही. घाबरली असेल."

मी त्यांना खरं काय ते सगळं सांगितलं. लिस्ट, अण्णांचा डोळा, न्हाणीघराची कडी. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "म्हणजे हरवल्या नाहीत, पण एकट्या आहेत."

"हो."

"मग तेच झालं न भाऊ."

या नागपूरच्या काकूंच्या मुलाला ते पटलं नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला, बोलणं पुण्यामुंबईकडच्या ऑफिसांत असतं तसं. "सर, नो ऑफेन्स, पण आईने दुसऱ्याच्या घरी जाऊन केअरटेकर व्हायचं म्हणजे... लोक काय म्हणतील? तिला इथे काही कमी आहे का?" मागून काकूंचा आवाज आला, "त्याला सांग, मी नोकरी नाही करून राहिली, गप्पा मारायला चालली." मुलगा म्हणाला, "आई, प्लीज." काकू म्हणाल्या, "दिवसभर काय तुझ्या प्लीजशी बोलत बसू?" मग त्याने फोन आईच्या हातात दिला. मला त्याची दया आली. माझी आई पुण्यात एकटी असते. मी तिला रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवतो.

शनिवारी मी काकूंना घेऊन शिवाजीनगरला गेलो. दुकान आता भाच्याच्या हाती आहे, अण्णा-अक्का वर राहतात. दार अण्णांनी उघडलं. माझ्याकडे बघताना मान किंचित वाकडी, कारण समोरचं माणूस मधोमध दिसत नाही, कडेनेच दिसतं. अक्का आत खुर्चीत होत्या. नवीन माणूस बघताच त्यांचे हात पदराशी गेले. न्हाणीघराचं दार अर्धं उघडं होतं, ते मला दिसत होतं आणि अण्णांनाही.

काकूंनी नमस्कार वगैरे केला नाही. टोपलीतले वाटाणे बघितले आणि म्हणाल्या, "इतके? कोणासाठी सोलून राहिल्या?"

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उशीर केलास."

"बस मिळाली नाही न."

"खोटं बोलतेस. लहानपणापासून अशीच." आणि शेजारची खुर्ची सरकवली. त्यांनी काकूंना कोण समजलं, बहीण की मैत्रीण, ते आम्हाला कळलं नाही. काकूंनीही विचारलं नाही. त्या बसल्या आणि सोलायला लागल्या. अक्कांच्या मराठीत कानडी, काकूंच्या मराठीत नागपूर, दोघींपैकी एकीला दुसरीचं किती कळत होतं कोण जाणे, पण वाटाणे संपले तरी बोलणं चालू होतं. अण्णा भिंतीला टेकून उभे होते. "दुरुस्त झालं," एवढंच हळूच म्हणाले, जसं बंद पडलेलं मशीन चालू झाल्यावर म्हणत असतील.

ऑपरेशन झालं. अण्णा आतल्या खोलीत पालथे पडून राहिले, बाहेरच्या खोलीत काकू आणि अक्का. नजर किती येईल हे डॉक्टर अजून नक्की सांगत नाहीत. दोन महिने आधी आला असतात तर बरं झालं असतं, असं ते मला म्हणाले. अण्णांना नाही म्हणाले. ते वाक्य मी कुणाजवळ सांगितलं नव्हतं, इथे लिहितो आहे. लिस्ट शांत होती ते आठवडे त्या दोन महिन्यांतले.

पालथे पडल्या पडल्या अण्णांनी मला बोलावून घेतलं. "सारांश अजून लिस्टवर आला नाही. अडवून ठेवलास?"

"चुकीचा होता, अण्णा."

"तेव्हा बरोबर होता. आता बदलला. लिही." तोंड उशीत, आवाज जमिनीकडून येत होता. मी फोनवर टाइप करत होतो. "प्रश्न लिस्टवर विचारला होता. सोबतीण मिळाली. पत्नी खुशीत आहे. सर्वांचे आभार."

"सर्वांचे कसले आभार?" मी अखेर म्हणालो. मला इतक्या दिवसांचं सगळं एकदम आलं. "अण्णा, कुणी काही केलं नाही. लिस्टवर खरं विचारलं तर कुणी ओ दिली नाही. ग्रुपवर खरं लिहिलं तर केक आले. कुणीतरी खोटं पसरवलं तेव्हा माणूस मिळालं. हे लिहायला नको?"

"ते नको लिहू."

"का?"

"ज्यांना जमलं नाही ते वाचतील ना. त्यांना वाईट वाटेल." आणि मग, "आभार ठेव."

बाहेरून काकू ओरडल्या, "अहो, हे दोघं आत भांडून राहिले का?" अक्का म्हणाल्या, "भांडू दे. पुरुष आहेत."

मी आभार ठेवले. मंजूर दाबलं. मेल शेकडो पत्त्यांना गेली, त्यांतल्या कितीतरी आपटून परत आल्या, पेटी भरली आहे, खातं अस्तित्वात नाही. मी घरी येईपर्यंत रांगेत एक नवीन मेल येऊन थांबली होती. लिस्टवर अण्णांखेरीज कुणी लिहिलेली, कित्येक वर्षांतली पहिली. नाव ओळखीचं वाटलं, पूर्वी मिक्सर दुरुस्त करून घेतलेल्यांपैकी. मी उभ्याउभ्याच उघडली.

"कृपया मला या लिस्टमधून काढा."

प्रत्येक मेलच्या तळाशी, पहिल्या दिवसापासून, बाहेर पडायचं कसं हे एका ओळीत लिहिलेलं आहे. मी ती ओळ किती वेळा किती जणांना दाखवली असेल. मी चिडून अण्णांना फोन केला आणि वाचून दाखवली. पलीकडे उशीतून हसण्याचा आवाज आला.

"बघ," अण्णा म्हणाले, "वाचतात."

मी त्या गृहस्थाला यादीतून काढलं. मग नियमाप्रमाणे, लिस्टवर नाही, त्याला एकट्याला उत्तर पाठवलं. काढलं आहे, असं लिहिलं. आणि खाली विचारलं, तुमच्या घरी सगळे बरे आहेत ना.